ओलावा कोण मोजतं?

पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाचे मल्टिमीडिया प्रकल्प तपासायला बसलं की पहिल्या मिनिटातच कळतं, पोरांनी ड्रोन भाड्याने आणला होता. वरून नदी, वरून शेत, मागे बासरी. खाली अक्षरं उमटतात, ‘अन्नदात्याची व्यथा’. व्यथा कसली, ते शेवटपर्यंत कळत नाही.

यंदा एका गटाने कावेरीकाठचा भात हा विषय घेतला आणि गाव निवडलं पापनाशम. तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरचं हे गाव माझं माहेर. भोसल्यांच्या राज्यात तिकडे गेलेल्या आणि तिथलेच होऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. त्यामुळे बाहेरची परीक्षक म्हणून मी जरा जास्तच डोळे ताणून बसले होते.

पापनाशमलगतच्या तिरुप्पालैत्तुरैच्या देवळात नायकांच्या काळातलं धान्याचं एक मोठं गोल कोठार आहे, वर निमुळतं होत गेलेलं. कॅमेरा त्याच्याभोवती निवांत प्रदक्षिणा घालतो. मग रस्त्याकडेला ताडपत्रीखाली झाकलेला भात जेमतेम दिसतो आणि जातो. बातमी होती ती त्या ताडपत्रीखाली!

मेट्टूर धरणाचं पाणी 12 जूनला सोडायची प्रथा आहे. त्यावर येणारं कुरुवै पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीला येतं आणि त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. सरकारी खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा 17 टक्के. मूठभर दाणे यंत्रात घालतात, आकडा येतो. तो वर गेला की भात परत रस्त्यावर. पसरायचा, उन्हात पायाने ओळी ओढत उलटायचा. रात्री पाऊस आला की सकाळी आकडा आणखी चढलेला. मर्यादा ठरते केंद्र सरकारच्या निकषांनी. पाऊस फार झाला की राज्य सवलत मागतं, मग केंद्राचं पथक नमुने घ्यायला येतं. तोवर ढीग जागचा हलत नाही, आणि ओल्या ढिगाला कोंब फुटायला फार दिवस लागत नाहीत.

यातलं काहीच त्या प्रकल्पात नव्हतं. यंत्राचा एक साधा फोटोसुद्धा नाही. विचारलं, तर उत्तर आलं, “मॅडम, ते व्हिज्युअली बोअरिंग होतं.”

मला राग पोरांचा आला नाही. गुणपत्रिकेत रकाने आहेत ते छायाचित्रण, संकलन, ध्वनी आणि सादरीकरण यांचे. पडताळणीला रकानाच नाही. ज्याला गुण नाहीत ते विसाव्या वर्षी कोण करेल? खरं तर मल्टिमीडियाला याहून चांगला विषय मिळणं कठीण. नियम मजकुरात सांगा, रोजचा पाऊस आणि रोजचा ओलावा एका आलेखावर शेजारी शेजारी मांडा, रात्रभर ढिगाशी जागणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा ऐकवा. व्हिडिओ त्या मुठीपासून आकड्यापर्यंतचा, बस्स. बासरी काढून टाका.

चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझममध्ये वंचितांविषयीच्या वार्तांकनाचा स्वतंत्र विषय आहे आणि त्यासाठी मुलांना खेड्यात पाठवतात. आपल्याकडेही नव्या शैक्षणिक धोरणाने फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक दिलेत. प्रत्यक्षात बरीच मुलं एखाद्या वाहिनीच्या कचेरीत बसून रील कापतात आणि शिक्का मारून घेतात. श्रेयांक मिळतात, चपलेला माती लागत नाही.

माध्यम चकचकीत आणि मजकूर दरबारी, हे आमच्या तंजावरला नवं नाही म्हणा. सरफोजीराजांनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. पुढे देवनागरी छापखानाही घातला, आपल्या ‘दर्पण’च्या कितीतरी आधी. राजघराण्याची थोरवी दगडावर चढली, कारभाराचा जमाखर्च राहिला मोडीच्या रुमालांत. बातमीदाराने आधी रुमाल सोडावेत, भिंत मग बघावी.

माझी मागणी साधी आहे. शेवटचा प्रकल्प पूर्ण वर्षाचा करा आणि त्याच माणसांकडे दुसऱ्यांदा जाणं सक्तीचं करा. या गटाने दिवाळीच्या सुट्टीत चित्रीकरण केलं आणि पुढचे महिने पुण्यात संकलन करण्यात घालवले. ताडपत्रीवाल्या शेतकऱ्याचा भात अखेर विकला गेला का, हे एकालाही सांगता आलं नाही. संमतीपत्रावर त्याची सही होती, फोन नंबर कुणी घेतला नव्हता.

गुण मी राखून ठेवलेत. त्या माणसाला शोधा, भात कोणत्या दिवशी किती ओलाव्याला गेला ते विचारा, मग या, असं सांगितलंय. तमिळ येत नसेल तर माझ्या चुलतभावाला सोबत घ्या, तो दुभाषा होईल. विभागप्रमुख नाराज आहेत. निकाल लांबतो म्हणतात.