दिन की दीन?

आपल्या मंडळातल्या एका काकांनी उन्हाळ्यात आठवणींची वही माझ्या हातात ठेवली. ‘जरा शुद्धलेखन बघ गं.’ माझ्यातली बाई लाल पेन घेऊन बसलीच.

‘लेस्टरच्या होजिअरी कारखान्यातले ते दीन...’ दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. काका म्हणाले, ‘दोन्ही खरंच होतं!’ तरी दिवसाची वेलांटी ऱ्हस्वच. ‘स्मृती’ एकटी असली की दीर्घ, पण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त ऱ्हस्व, कारण समासात पहिल्या तत्सम शब्दाचा मूळ ऱ्हस्व टिकतो. ‘मी म्हणलो’ नको. ‘म्हणालो’ किंवा ‘म्हटलं’. ‘माझी मदत केली’ हे हिंदीचं. आपण ‘मला मदत केली’ म्हणतो. आणि ‘बस घेऊन कामावर जायचो’ वाचून पुण्यातल्या भाचीला वाटेल, काकांच्या मालकीची बस होती! बसने जायचो.

इथेच थांबायला हवं होतं. पण निघताना आई म्हणाली ते ‘भाकर खाऊन जा लेका, लई लांब जायचंय’ मी ‘भाकरी खाऊन जा बाळा, फार दूर जायचे आहे’ असं करून टाकलं. काकांनी दोनदा वाचलं.

‘ही कोण बाई?’

पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहावं, ही मुभा साहित्य महामंडळाच्या १८ नियमांतच आहे. वर्गात मीच ती शिकवायचे. ते पान फाडलं. काका सांगत गेले, मी पुन्हा लिहून घेतलं.