ससा हवा? आधी आईला विचारा!

2025च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांना शेल्टरमध्ये ठेवण्याचा आदेश दिला. मग 22 तारखेला तो बदलला आणि पिसाळलेली, अंगावर येणारी कुत्री सोडून बाकीची नसबंदी-लसीकरण करून होती तिथेच सोडा, असं सांगितलं. त्यावरून आमच्या भिशीत चांगलीच जुंपली. एकीला कुत्र्यांची दया, दुसरीला शाळेत जाणाऱ्या नातवाची काळजी. ‘शेल्टर’ हा शब्द तेव्हापासून आमच्या छोट्या गावातही सगळ्यांच्या तोंडी आला. मी मात्र त्या दिवशी गप्प होते. मला माझे ससे आठवत होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत लेक हट्टाला पेटली म्हणून आठवडी बाजारातून दोन पांढरे ससे आणले. ‘दोन्ही माद्याच आहेत ताई, बिनघोर न्या,’ असं विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं. लहानपणी सशाचे नर-मादी ओळखणं जाणकारालाही अवघड जातं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! मार्च-एप्रिलपर्यंत दोनाचे अकरा झाले. सशीण महिन्याभरात विते आणि व्यायल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. लेकीची नवलाई तोवर संपली होती. पिंजरा साफ करणं, वास, कुरतडलेल्या वायरी, सगळं माझ्याच गळ्यात. शेवटी वैतागून मी ते दिरांच्या शेतावर पाठवून दिले. वाटलं, मोकळं रान आहे, सुखाने राहतील. दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांचा फोन आला, ‘वहिनी, बांधावर नुसते पांढरे केस पडलेत.’

ती चूक माझी होती. पण अशी चूक घरोघरी होते, म्हणून आज हे लिहिते आहे. आपल्या माळरानावरचा ससा वेगळा. तो वन्यजीव आहे आणि 1972च्या कायद्यानुसार त्याला पकडून पाळता येत नाही. बाजारात मिळतो तो युरोपातल्या सशाचा माणसाळवलेला वंशज. पांढरा रंग, ना लपण्याची सवय, ना शत्रूची ओळख. त्याला रानात सोडणं म्हणजे मुक्त करणं नव्हे, कुत्र्या-मुंगसांच्या तोंडी देणं आहे.

कायदा नाही असंही नाही. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये! 2018च्या नियमांनी ससे विकणाऱ्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीची सक्ती केली. आठवडी बाजारातली जागाही त्यात धरली आहे. पण टोपलीत ससे घेऊन बसलेल्याला ‘तुझी नोंदणी दाखव’ असं आपण कधी विचारलंय का?

म्हणूनच मला शेल्टरमधून ससा दत्तक घेण्याचा मार्ग पटतो. दोन वर्षांनी लेकीने पुन्हा विषय काढला, तेव्हा आम्ही पुण्याच्या एका शेल्टरमध्ये गेलो. तिथल्या मुलीने आधी प्रश्नच प्रश्न विचारले. ससा आठ-दहा वर्षं जगतो, तेवढी तयारी आहे का? उन्हाळ्यात घरात थंडावा असतो का? गावाला गेलात तर कोण बघणार? आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘काकू, रोजचं करणार कोण? तुम्हाला हवाय का ससा?’ बाजारात मला हे कोणीही विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर घरातही नाही!

आम्ही एकमेकींना सरावलेल्या, नसबंदी झालेल्या दोन माद्या आणल्या. सशाला एकटं करमत नाही, म्हणून जोडी. नसबंदीमुळे पिल्लावळीची भीती नाही आणि मादीला होणारा गर्भाशयाचा कर्करोगही टळतो. छोट्या गावात ही शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर मिळणं कठीण. आपल्याकडचे पशुवैद्य गाई-म्हशींत मुरलेले. तेव्हा ते काम आधीच झालेलं असणं, हा केवढा दिलासा!

सांभाळ मात्र नीट शिकावा लागतो. सशाचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे मुख्य खाणं म्हणजे गवत. वाळलेलं भरपूर, शिवाय हराळी आणि थोडी कोथिंबीर. चित्रातलं गाजर गोड असतं, ते एखादा तुकडाच. पोळी, भात, डाळ अजिबात नको. कान धरून उचलू नये, अंघोळ घालू नये. उन्हाळ्यात सावली आणि पाण्याने भरून गोठवलेली बाटली जवळ ठेवावी. आणि दहा-बारा तास ससा काही खात नसेल तर ‘उद्या बघू’ म्हणू नये, तडक डॉक्टर गाठावा.

मैत्रिणींनो, घरात ससा आणायचं मुलं ठरवतात, पैसे बाबा देतात आणि पिंजरा आई धुते. मग ठरवताना आईचा शब्द पहिला का नसावा? तुम्हाला झेपणार नसेल तर स्पष्ट ‘नाही’ म्हणा. त्या नकाराने एक जीव वाचतो. झेपणार असेल तर बाजाराची टोपली ओलांडून शेल्टरचं दार वाजवा.

आमच्या दोघी आत्ता ओट्याखाली पसरल्या आहेत. लेक शिकायला बाहेरगावी गेली, त्या माझ्याकडेच राहिल्या. पण या वेळी मी ‘हो’ म्हणून आणलंय, म्हणून पिंजरा धुताना चिडचिड होत नाही.