भंगारात घालण्याआधी

आमच्या लहानपणी धुळ्याहून मुंबईला जाणारा डबा चाळीसगावला मोठ्या गाडीला जोडायचे. शंटिंगचा धक्का बसला की आई आधी जेवणाचा डबा धरायची, मग आम्हाला. ते धूर ओकणारं डिझेल इंजिन आता गेलं. आमच्या फाट्यावरही विजेची तार आली.

पण तार आली म्हणून डिझेल निकामी, हे मला पटत नाही. वाराणसीत दोन जुनी डिझेल इंजिनं पालटून केलेलं 10,000 अश्वशक्तीचं विजेचं जोडइंजिन 2019 मध्ये रुळांवर आलं. ब्रिटनमध्ये तर वीज-डिझेल दोन्हींवर चालणारी 1960च्या दशकातली क्लास 73 इंजिनं नवं डिझेल बसवून स्कॉटलंडच्या रात्रगाडीला जुंपली. साठीची इंजिनं, बरं का!

इकडे बोरविहीर-नरडाणा या नव्या रेल्वेमार्गाचं काम चालू आहे; 309 किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. खडी आणि रूळ वाहायला तार लागण्याआधीच इंजिन लागतं. तारेखाली वीज, पुढे डिझेल, असं एखादं दुहेरी इंजिन जुन्या सांगाड्यावर भुसावळच्या कारखान्यात करून पाहा. चाचणी आमच्या धुळे-चाळीसगाव मार्गावर घ्या.