सेन्सरच्या दोषापायी बॅटरी का बदलावी?

जुन्या हायब्रिड गाड्या आता सेकंडहँड बाजारात मिळू लागल्या आहेत. टोयोटाची कॅमरी हायब्रिड २०१३ पासून कर्नाटकात बिडदी येथे तयार होऊ लागली. त्या वेळच्या गाड्यांची वॉरंटी केव्हाच संपली. आपले व्यापारी बंधू हौसेने अशी गाडी घेतात. एके दिवशी इशाऱ्याचा दिवा लागतो, सर्व्हिसवाला म्हणतो पूर्ण बॅटरी बदला, आणि रक्कम ऐकून माणूस गाडीच विकायला काढतो.

घाई कशाला? या गाडीच्या बॅटरीत ७.२ व्होल्टचे ३४ भाग एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे एकूण सुमारे २४५ व्होल्ट. त्यांची खबर देणारे सेन्सर वेगळे. एक व्होल्टेज मोजतो, काही तापमान मोजतात, एक जाड केबलभोवती कड्यासारखा बसून करंट मोजतो. कॉम्प्युटर सेन्सर सांगेल तेच खरे मानतो. जोडपट्टीवर हिरवा गंज चढला किंवा सेन्सरची तार सैल झाली, तरी चांगली बॅटरी खराब दिसू शकते. आमच्या कापडाच्या धंद्यात गज खोटा निघाला तर गज बदलतात, ठाण फेकत नाहीत.

उलटही घडते. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते. आमचे लोक तिथे गठ्ठे रचतात (मी रोज पाहतो!), जाळी बुजते, बॅटरी तापते. अशा वेळी सेन्सर खरेच बोलत असतो. तो बदलून काय होणार?

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी स्कॅनरचा कोड कागदावर लिहून घ्या. ज्या भागाचा आकडा कमी दिसतो, त्यावर मीटर लावायला सांगा. दोन्ही आकडे जुळले तर दोष बॅटरीत. न जुळले तर सेन्सरमध्ये किंवा तारेत.

मात्र हे काम बघून बघून शिकण्याचे नाही. गॅरेजच्या उस्तादांना राग आला तरी चालेल, पण त्यांनी हाताखालच्या पोरांना याचे रीतसर ट्रेनिंग द्यावे, नाहीतर हे गिऱ्हाईक हातचे जाईल. आणि जिवाचाही प्रश्न आहे. चावी दूर ठेवावी, बारा व्होल्टची बॅटरी सोडवावी, एक हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढावा, तो आपल्याच खिशात ठेवावा आणि दहा मिनिटे थांबावे. एवढे केल्यावरही बॅटरीच्या पेटीत वीज शिल्लक असते, म्हणून पेटी उघडली तरी हातमोजे काढू नयेत.