मोटारींतील हत्यारांची पेटी

प्रवासाला निघावयाचें ठरलें कीं आपल्या घरांतून जी तयारी होते तींत सहसा कांहीं न्यून राहत नाहीं. आजींच्या औषधाच्या पुड्या, मुलांचे कपडे, दशम्या, चटणी, पाण्याचा फिरकीचा तांब्या, हें सारें आदल्या रात्रींच बांधून तयार असतें. परंतु ज्या मोटारींत बसून जावयाचें तिची शिदोरी कोणी बांधली आहे काय, असें विचारलें तर घरांतील कर्ते पुरुष डिकीकडे बोट दाखवितात. तेथें एक गंजलेली पेटी असते. तींत वडिलांच्या वेळचे पाने असतात. त्यांतील कोणता पाना कोणत्या नटाला बसतो हें सांगणारा मनुष्य मात्र घरांत आतां उरलेला नसतो. पेटी वारशानें आली, विद्या आली नाहीं. या खेपेस आम्ही या पेटीविषयींच चार शब्द लिहिणार आहों.

हा विषय मूठभर श्रीमंतांचा आहे असें कोणी म्हणेल. संस्थानिकांच्या गाड्यांची गोष्ट वेगळी; त्यांच्याबरोबर मिस्त्री असतो. आमच्या डोळ्यांपुढें आहे ती मध्यम स्थितींतील कुटुंबानें आजोबांची आठवण म्हणून जपलेली जुनी फियाट. पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागाचें तर या गाडीशीं एक नातेंच आहे. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर ज्यांच्या नांवानें वसलें त्या वालचंद हिराचंद यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईंतील कुर्ल्याच्या कारखान्यांत आधीं अमेरिकन बनावटीच्या डॉज व प्लिमथ गाड्यांची जुळणी झाली, आणि पुढें इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी तेथें तयार होऊं लागली. तिलाच नंतर पद्मिनी हें नांव मिळालें. १०८९ घनसेंटिमीटरचें तें साधें चार नळकांड्यांचें यंत्र ज्याला थोडें जरी समजतें त्याला रस्त्यावर फारसें अडून बसावें लागत नाहीं.

बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता उदाहरणादाखल घेऊं. बारामतीपासून जवळच कन्हेरी हें गांव आहे. तेथील मारुतीच्या दर्शनाला पंचक्रोशींतील मंडळी जातात. शेजारींच काटेवाडी, जेथें तुकोबांच्या पालखीपुढें मेंढ्यांचें रिंगण होतें. तेथून सणसर, बेलवाडी, निमगांव केतकी असें करीत वाट इंदापुरास पोंचते. दोहों बाजूंस कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस, हंगामांत उसानें लादलेले ट्रॅक्टर, उन्हाळ्यांत डोळे दिपविणारें ऊन आणि पावसाळ्यांत रस्त्याच्या कडेला घोट्याएवढी काळी चिकण माती. वाटेंत मिस्त्री भेटणार नाहीं असें नव्हे. पण त्याचें सारें आयुष्य संगणकानें चालणाऱ्या नव्या मोटारींत गेलेलें असतें. कार्बुरेटर आणि डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट हाताळलेले मिस्त्री आतां वृद्ध झाले आहेत. म्हणून जुन्या गाडीच्या मालकानें आपली भिस्त आपल्या पेटीवर ठेवणें बरें.

पेटी भरण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. ही गाडी वाटेंत कशानें थांबण्याचा संभव आहे? आणि थांबलीच तर रस्त्याच्या कडेला, आहे त्या उजेडांत, आपल्या हातून काय दुरुस्त होईल? या दोन उत्तरांचा जेथें मेळ बसतो तेवढींच हत्यारें घ्यावीं. गिअरपेटी फुटली किंवा आंस मोडला तर जगांतील सर्व हत्यारें जवळ असूनही उपयोग नाहीं. तेथें गाडी उचलून नेणाऱ्यास बोलवावें. बाजारांत मिळणारी दीडशें नगांची चकाकणारी पेटी घेणारा मनुष्य हे प्रश्न न विचारतांच पैसे मोजतो.

पहिली गोष्ट पान्यांची. फियाटचे नट मिलिमीटरच्या मापाचे. ८, १०, १३, १७ व १९ हे पाने असले म्हणजे बहुतेक काम भागतें. अमेरिकन प्लिमथचे नट इंची मापाचे. युद्धपूर्व काळांतील इंग्रजी गाड्यांना व्हिटवर्थचें माप, आणि त्यांत पान्यावरील आंकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. आतां गंमत पाहा : अर्धा इंची पान्याचें तोंड १२.७ मिलिमीटर, मिलिमीटरच्या मापांतील जवळचा पाना १३ चा, आणि पाव इंची व्हिटवर्थ पान्याचें तोंड सुमारें १३.३ मिलिमीटर. तिन्ही हातांत घेतले तर सारखेच वाटतात. परंतु अर्धा इंची नटावर तेराचा पाना जोरानें फिरविला कीं नटाचे कोपरे झिजतात, आणि मग तो नट कोणत्याच पान्यास वश होत नाहीं. वडिलोपार्जित पेट्यांत ही तिन्ही मापें एकत्र नांदत असतात. त्यांतून आपल्या गाडीचें माप निवडून बाकीचे पाने घरीं ठेवावे. जुळवून घेण्याचा पाना एखादा असावा. पण तो अडचणीचा सोबती, रोजचा नव्हे.

गाडी चालतां चालतां थांबली तर कारण प्रायः विजेंत किंवा पेट्रोलांत असतें. दोहोंपैकीं कशांत, हें ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. एक प्लग काढून त्याची तार पुन्हां जोडावी, तो यंत्राच्या लोखंडाला टेकवून कोरड्या रबरी मुठीच्या पकडीनें धरावा, आणि दुसऱ्यास स्टार्टर फिरवावयास सांगावें. हें करतांना जवळपास पेट्रोल सांडलेलें नसावें. टणक निळसर ठिणगी पडली तर वीज ठीक आहे. मग पेट्रोलचा माग काढावा. ठिणगी नसली तर पॉइंट पाहावे. याकरितां पेटींत प्लगचा पाना, दोन स्क्रूड्रायव्हर, बारीक पॉलिश-कागद आणि पॉइंटमधील फट मोजण्याच्या पात्या पाहिजेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जोड्याला राखलेले सुटे भाग : पॉइंटांचा एक संच, एक कंडेन्सर, एक प्लग, चार फ्यूज. ज्यांची गाडी जुनी अमेरिकन आहे त्यांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. त्या काळच्या प्लिमथ सहा व्होल्टांवर चालत आणि त्यांच्या बॅटरीचें धन टोंक गाडीच्या अंगाला जोडलेलें असे. फियाटचा बारा व्होल्टांचा दिवा किंवा आजचा कोणताहि उपकरणसंच तेथें विचार न करतां जोडूं नये.

पेट्रोलच्या बाबतींत आपल्या भागांतला ऊस आडवा येतो, असें म्हटलें तर वाचकांस नवल वाटेल. उसाच्या रसापासून व मळीपासून इथेनॉल होतें. तें पेट्रोलांत मिसळतात. देशांत हें प्रमाण २०२५ सालीं सरासरी वीस टक्क्यांवर पोंचलें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्याचे लाभ असतील. परंतु पन्नास वर्षांपूर्वींच्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा या मिश्रणासाठीं केलेले नव्हते. त्या फुगतात, मऊ होतात व झिरपूं लागतात. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळीचा हातभर तुकडा, तिला आवळणाऱ्या दोन पट्ट्या आणि पंपाचा नवा पडदा बरोबर असावा. वैशाखांत दुपारीं गाडी एकाएकीं थांबली आणि वीज ठीक असली, तर नळींत पेट्रोलची वाफ झाली असण्याचा संभव असतो. येथें हत्यार नको. झांकण उघडून गाडी सावलींत ठेवावी, पंपावर व नळीवर ओलें फडकें टाकावें, आणि दशम्यांचा डबा सोडावा.

पाण्यासाठीं पांच लिटरचा डबा आणि पंख्याचा जादा पट्टा. पट्टा तुटला म्हणजे डायनॅमोचा तांबडा दिवा लागतो व पाणी तापूं लागतें. ताबडतोब थांबलें तर यंत्र वांचतें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण अर्धा तास तरी उघडूं नये. उकळत्या पाण्याचा फवारा तोंडावर येतो.

चाकासाठीं जॅक, चाकपाना, हवेचा पंप, आणि या सर्वांहून उपेक्षित अशी एक वस्तु, म्हणजे सागवानी फळीचा वीतभर रुंद तुकडा. काळ्या मातींत जॅक उभा केला कीं गाडी वर न जातां जॅक खालीं जातो. फळी असली तर भार वांटला जातो. नट जमिनीवर असतांनाच सैल करावे, समोरच्या चाकाला दगड लावावा, मग गाडी उचलावी. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं डोकें घालूं नये, क्षणभरहि नाहीं.

येथें आम्हांस जें अधिक आग्रहानें सांगावयाचें आहे तें पान्यांविषयीं नाहीं. रस्ते आतां रुंद झाले आहेत आणि त्यांवरून वाहनें फार वेगानें धांवतात. थांबलेली गाडी ही मागून येणाऱ्याच्या दृष्टीनें भिंत होय. म्हणून पेटींत सर्वांत वर तांबडा परावर्तक त्रिकोण, कपाळास बांधावयाची विजेची बत्ती आणि आग विझविण्याचें लहान नळकांडें असावें. गाडी बंद पडतांच आधीं मुलें व वडील मंडळी डांबरी रस्त्यापासून दूर उतरवावीं, मग त्रिकोण बराच मागें ठेवावा, आणि नंतर झांकण उघडावें. ब्रेक बिघडला असल्यास तेथें दुरुस्तीचा प्रयत्न करूं नये. प्रवास तेथेंच संपला असें समजावें. गाडी कितीहि आवडती असली तरी ती घरच्या माणसांसाठीं आहे.

गाडी बाहेर काढण्यापूर्वीं तिची नोंदहि पाहावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षें झालेली, मूळ रूप राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येते. पण अशी गाडी नित्याच्या वापरासाठीं नसते, प्रदर्शन, मेळावे, इंधन व दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर काढतां येते. सहकुटुंब देवदर्शनाचा बेत असेल तर हें आधीं समजून घ्यावें.

आतां राहिली विद्या. ती पेटींतून मिळत नाहीं. एका लहान वहींत प्रत्येक पान्यासमोर तो कोठें बसतो हें लिहावें. पॉइंटची फट, चाकांतील हवा, ठिणगीचा १-३-४-२ हा क्रम, हेंहि लिहावें. घरांत जे वृद्ध काका किंवा जुने चालक असतील त्यांच्याजवळ बसून ही वही आजच भरून घ्यावी. पुढल्या वर्षीं सांगणारा असेलच असें नाहीं. आणि हें ज्ञान एका कर्त्या पुरुषापुरतें ठेवूं नये. सुना-मुली आतां मोटार चालवितात, तर चाक बदलणें त्यांनाहि आलें पाहिजे.

यासाठीं आपल्या घरांत एक दिवस आयताच आहे. खंडेनवमीला आपण हत्यारें बाहेर काढून त्यांची पूजा करतों. त्या दिवशीं ही पेटी अंगणांत रिकामी करावी. पाने पुसून तेलाचा हात द्यावा, सुटे भाग मोजावे, कडक झालेलें रबर फेकून द्यावें, आणि घरांतील प्रत्येक जाणत्या माणसाकडून एकदां तरी चाक काढवून पुन्हां बसवून घ्यावें. हळदकुंकू त्यानंतर वाहावें.