भारतीय संघात कोण खेळू शकतो? प्रश्न पारपत्राचा आणि वास्तव्याचा

रायपूर : रायपुरातील एखाद्या जुन्या मराठी कुटुंबातील तीन पिढ्या फुटबॉल खेळल्या असतील, तर आजोबा, वडील आणि नातू यांचा संघ एक असणार नाही. १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती भोपाळ झाली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर स्वतःच छत्तीसगडची राजधानी बनले. या काळात घर बदलले नाही, मैदानही बदलले नाही. बदलला तो केवळ संतोष करंडक स्पर्धेत अंगावर चढवायचा रंग. त्यासाठी खेळाडूला कोणताही अर्ज करावा लागला नाही आणि कशाचाही त्याग करावा लागला नाही.

राष्ट्रीय संघाच्या बाबतीत मात्र हा बदल इतका सहज घडत नाही. तेथे राज्यघटना, नागरिकत्वाचा कायदा आणि जागतिक फुटबॉल महासंघ अर्थात फिफाचे नियम अशा तीन दरवाजांतून खेळाडूला जावे लागते. २०२५ या वर्षाने हा विषय भारतीय फुटबॉलच्या चर्चेत पुन्हा अग्रभागी आणला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत आणि सिंगापूर यांच्यात आशियाई करंडकाच्या पात्रता फेरीचा सामना झाला. लालियानझुआला छांगटेने भारताला आघाडी मिळवून दिली. त्यानंतर साँग उई-याँग याने दोन गोल करून सामना सिंगापूरच्या बाजूने फिरविला आणि २०२७ च्या आशियाई करंडकाची भारताची वाट बंद झाली. साँगचा जन्म दक्षिण कोरियातील. किशोरवयात तो सिंगापूरला आला, तेथेच फुटबॉलपटू म्हणून घडला आणि २०२१ मध्ये त्याने सिंगापूरचे नागरिकत्व स्वीकारले.

पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशने भारताला १-० असे हरविले. बांगलादेशच्या संघाचा आधारस्तंभ होता हमझा चौधुरी. तो इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातून खेळलेला. त्याने बांगलादेशकडून पहिला सामना खेळला तोही भारताविरुद्धच, मार्च २०२५ मध्ये शिलाँग येथे.

या पराभवांनंतर एक मागणी जोराने पुढे आली. परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे ओसीआय कार्डधारक, असलेल्या खेळाडूंना भारतीय संघाचे दार उघडावे, अशी ती मागणी. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांनी अशा ३३ खेळाडूंशी संपर्क साधल्याचे २०२५ मध्ये सांगितले होते. मागणी करणाऱ्यांचा रोख बहुधा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या २००८ च्या धोरणाकडे असतो. भारताचे प्रतिनिधित्व केवळ भारतीय नागरिकच करू शकेल, असे त्या धोरणाने ठरविले. त्यापूर्वी अमेरिकेत जन्मलेला प्रकाश अमृतराज डेव्हिस करंडकात भारताकडून खेळत असे. धोरणानंतर अशा टेनिसपटूंची वाट बंद झाली.

परंतु फुटबॉलपुरते पाहिल्यास हा रोख चुकीच्या जागी आहे. क्रीडा मंत्रालयाने आपले धोरण मागे घेतले, तरी ओसीआय कार्डावर कोणी भारताच्या फुटबॉल संघातून खेळू शकणार नाही. ज्या देशाकडून खेळायचे त्या देशाचे कायमस्वरूपी राष्ट्रीयत्व खेळाडूकडे असले पाहिजे, ही फिफाची पहिली अट आहे. ओसीआय कार्डाच्या नावात नागरिक हा शब्द असला, तरी कायद्याच्या दृष्टीने ते नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला मतदानाचा हक्क नसतो आणि भारतीय पारपत्रही मिळत नाही. या कार्डाचे नाव ठेवताना थोडी अधिक काटकसर केली असती, तर निम्मा गैरसमज टळला असता. थोडक्यात, किल्ली क्रीडा मंत्रालयाकडे नाही. ती नागरिकत्वाच्या कायद्यात आहे.

तो कायदा काय सांगतो? दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पाच वर्षे ओसीआय म्हणून नोंद असलेल्या व्यक्तीला भारतीय नागरिक होण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र अर्जापूर्वी सलग बारा महिने तिचे वास्तव्य भारतात असावे लागते. भारतीय वंशाची पण ओसीआय नोंद नसलेली व्यक्ती असेल, तर सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे.

चर्चेत सर्वाधिक बोलले जाते ते परदेशी पारपत्र सोडण्याच्या अटीबद्दल. प्रत्यक्षात अधिक निर्णायक ठरते ती वास्तव्याची अट. इंग्लंड किंवा नेदरलँड्समधील क्लबकडून खेळणारा विशीतला खेळाडू वर्षभर भारतात राहील तो कसा? त्याला भारतीय क्लबशीच करार करावा लागेल, म्हणजे आपल्या उमेदीच्या काळात युरोपमधील स्पर्धा सोडावी लागेल. शिवाय युरोपीय पारपत्र सोडताच तेथील बहुतेक क्लबांच्या लेखी तो परदेशी खेळाडू ठरेल. हा सौदा विशीत कोणी करीत नाही. तिशी ओलांडल्यावर आणि भारतातच खेळत असल्यास तो परवडतो. किंबहुना भारतीय स्पर्धांत परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असल्याने भारतीय पारपत्र अशा खेळाडूला आणि त्याच्या क्लबलाही सोयीचे पडते.

आजवरची दोन ठळक उदाहरणे नेमके हेच दाखवितात. पहिले अराता इझुमी याचे. जपानमधील शिमोनोसेकी येथे जपानी आई आणि गुजराती वडील यांच्या पोटी जन्मलेला अराता २००६ मध्ये भारतात आला. कोलकात्याचा ईस्ट बंगाल, मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि त्यानंतर पुणे फुटबॉल क्लब असा त्याचा प्रवास झाला. पुण्याच्या प्रेक्षकांना तो आपलाच वाटत असे. त्याने जपानी नागरिकत्व सोडले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये कोची येथे पॅलेस्टाईनविरुद्ध भारताकडून पदार्पण केले. तेव्हा त्याचे वय तीस होते. भारताला त्याचे मोजकेच सामने मिळाले.

दुसरे उदाहरण रायन विल्यम्सचे. पर्थ येथे जन्मलेला हा खेळाडू इंग्लंडमधील क्लबांतून खेळून २०२३ मध्ये बंगळुरू फुटबॉल क्लबमध्ये आला. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पारपत्र सोडून तो भारतीय नागरिक झाला, त्या वेळी त्याने बत्तिसाव्या वर्षात पाऊल टाकले होते किंवा ते पूर्ण केले होते, एवढाच काय तो फरक. ऑस्ट्रेलियाकडून २०१९ मध्ये तो एक सामना खेळला होता. तो मैत्रीपूर्ण असल्याने आडवा आला नाही, परंतु संघटना बदलण्यासाठी फिफाची मंजुरी आवश्यक होती. ती ढाक्यातील सामन्यापूर्वी आली नाही आणि तो सामना त्याला खेळता आला नाही.

विल्यम्सच्या निमित्ताने मुंबईच्या फुटबॉलचे एक जुने पान उलगडले. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातील. आईचे वडील लिंकन ग्रोस्टेट हे टाटा संघाचे खेळाडू आणि १९५६ मध्ये संतोष करंडकात मुंबईकडून खेळलेले. त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये टाटांचाच आणखी एक खेळाडू, नेव्हिल डिसोझा, याने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला ४-२ असा विजय मिळवून दिला. नेव्हिल यांचा जन्म बार्देशातील आसगावचा. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता. आजच्या नियमांची पट्टी लावली, तर भारताच्या ऑलिंपिक इतिहासातील त्या सर्वांत मोठ्या विजयाच्या नायकाची कागदपत्रे फिफाने किती वेळा परत पाठविली असती, हे सांगणे कठीण आहे.

गोव्यात हा प्रश्न आजही केवळ इतिहासाचा नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तेथील नागरिकत्व घेता येते. सासष्टी किंवा बार्देशातील उमद्या फुटबॉलपटूपुढे त्यामुळे विल्यम्सच्या उलट दिशेची निवड उभी राहते. आजोबांच्या जन्मदाखल्यावर युरोपचे दार उघडते आणि त्याच क्षणी भारतीय संघाचे मिटते. येथे खेळाडूची भाषा, गाव, क्लब यांपैकी काहीही बदललेले नसते.

फिफाचे नियमही एकसारखे राहिलेले नाहीत. आल्फ्रेडो डी स्टेफानो अर्जेंटिनाकडून आणि नंतर स्पेनकडून खेळले. फेरेंक पुश्काश १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हंगेरीकडून उतरले आणि १९६२ च्या विश्वचषकात स्पेनकडून. त्यानंतर नियम कडक झाले. कतारने ब्राझीलच्या खेळाडूंना पैशाच्या बळावर आपलेसे करण्याचा प्रयत्न केल्यावर २००४ मध्ये फिफाने देशाशी स्पष्ट नाते असण्याची अट घातली. स्वतःचा, आई-वडिलांचा अथवा आजी-आजोबांचा जन्म त्या भूमीवर झालेला असावा, नाहीतर तेथे दीर्घकाळ वास्तव्य असावे. २०२० मध्ये एकवीस वर्षांचे होण्यापूर्वी तीनपेक्षा अधिक सामने न खेळलेल्यांना काही अटींवर देश बदलण्याची मुभा मिळाली. २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या २६ पैकी १४ खेळाडूंचा जन्म मोरोक्कोबाहेर झालेला होता.

दुहेरी नागरिकत्व मान्य केल्याशिवाय असे संघ उभे राहत नाहीत, हा समज मात्र तपासून घेतला पाहिजे. सिंगापूरही दुहेरी नागरिकत्व मानत नाही. प्रौढांच्या बाबतीत इंडोनेशियाही मानत नाही, तरीही नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या अनेक तरुण खेळाडूंना घेऊन त्या संघाने २०२६ च्या विश्वचषक पात्रतेची चौथी फेरी गाठली. तेथील कायद्यात राष्ट्रहितासाठी, संसदेचे मत घेऊन, वास्तव्याविना नागरिकत्व देण्याची तरतूद आहे. भारतीय कायद्यातही विशेष सेवेसाठी अटी शिथिल करण्याची तरतूद आहे. तिच्यात विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता आणि मानवाची प्रगती यांचा उल्लेख आहे. खेळाचा नाही.

घाईचा मार्ग कोठे जातो, हे मलेशियाने दाखविले. जून २०२५ मध्ये व्हिएतनामवर ४-० असा विजय मिळविणाऱ्या मलेशियाच्या संघाशी संबंधित सात परदेशी जन्माच्या खेळाडूंचे आजी-आजोबा मलेशियात जन्मल्याचे दाखले बनावट असल्याचा निष्कर्ष फिफाच्या शिस्तपालन समितीने सप्टेंबरमध्ये काढला. मूळ नोंदींनुसार ते अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि नेदरलँड्समध्ये जन्मले होते. मलेशियाच्या संघटनेला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड झाला. फाळणीत आणि स्थलांतरात असंख्य कुटुंबांचे दाखले हरवलेल्या आपल्या उपखंडात आजोबांच्या जन्मनोंदीवर संघ उभारण्याचे काम किती नाजूक ठरेल, याचा विचार महासंघाने ३३ जणांची यादी हाती घेण्यापूर्वी केलेला बरा.

भारताच्या वास्तव्याच्या अटीत एक गुण आहे. अराता आणि विल्यम्स या दोघांनाही येथील मैदानांनी आधी स्वीकारले आणि पारपत्र नंतर आले. साँगबद्दल सिंगापूरमध्येही तेच घडले. अट ठेवायची असेल, तर मिळणारे खेळाडू तिशीतले असतील, हे मान्य करावे. विशीतले हवे असतील, तर संसदेकडे जाऊन कायद्यातील त्या तरतुदीत खेळाचा समावेश करून घ्यावा. दोन्हींपैकी काहीही न करता परदेशातील तरुणांना आशा दाखविणे त्यांच्याशीही न्याय्य नाही आणि येथील खेळाडूंशीही नाही.

येथील खेळाडूंचे नागरिकत्व निर्विवाद आहे, परंतु संघापर्यंतचा रस्ता लांब आहे. छत्तीसगडमधील बालोद जिल्ह्याची किरण पिस्दा केरळ ब्लास्टर्सच्या महिला संघातून क्रोएशियातील डिनामो झाग्रेबपर्यंत गेली आणि भारतीय संघात आली. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात हरवून भारताच्या महिलांनी आशियाई करंडकाची पात्रता मिळविली, त्या मोहिमेच्या संघात ती होती. बस्तरमधील नारायणपूर येथे रामकृष्ण मिशनच्या मैदानावर २०२४ मध्ये वीस वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा देशभरातील संघ रायपूरहून पुढे रस्त्याने तेथवर पोहोचले. त्या मैदानाच्या कडेला बसून सामने पाहणाऱ्या मुलांना फिफाकडून कोणत्याही मंजुरीची गरज नाही.