३१ ऑगस्टची रेघ

नोकरीनिमित्त इंग्लंडला निघालेल्या घरांतून हमखास येणारा प्रश्न: मुलगी इथे चौथीत आहे, तिथे कितवीत बसेल? उत्तर प्रगतिपुस्तकावर नाही, जन्मतारखेवर ठरतं. ३१ ऑगस्टला जन्मलेलं मूल एका इयत्तेत, १ सप्टेंबरचं खालच्या. चार वर्षं पुरी झाली की येत्या सप्टेंबरात मूल ‘रिसेप्शन’ या शाळेच्या पहिल्या वर्गात जातं. म्हणजे ऑगस्टमधलं पोर वर्गातल्या थोरल्यांहून जवळजवळ वर्षाने लहान. त्याची कोटाची बटणं लागेपर्यंत बाकीचे मैदानात पोचलेले असतात. नापास करून मागे ठेवण्याची पद्धत जवळपास नाहीच, त्यामुळे हे अंतर सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेपर्यंत सोबत राहतं. आम्हाला ही शिस्त जरा आंधळीच वाटते. उन्हाळ्यात जन्मलेल्यांना वर्षभर थांबवण्याची विनंती करता येते, पण मान्य होईलच असं नाही.

स्कॉटलंडचा हिशेब निराळा. तिथे शाळा ऑगस्टमध्येच उघडते.

इंग्लंडमध्ये खरी उडी सहावीनंतर, अकराव्या वर्षी. शाळाच बदलते, एका बाईंऐवजी विषयागणिक शिक्षक येतात. सरकारी माध्यमिक शाळेचा अर्ज आदल्या ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा, निकाल १ मार्चच्या सुमारास. बऱ्याच शाळा घरापासूनचं अंतरही मोजतात. तेव्हा भाड्याचं घर ठरवण्याआधी शाळेचे नियम वाचा.